दहा थेंबांचा फरक: बोरीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या शेतांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं आहे. मी तिची मार्गदर्शक. गाव, कॉलेज, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

बोरी नदी पारोळा-अमळनेरच्या बाजूने वाहत जाऊन तापीला मिळते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा पाहून खान्देशची कल्पना करणाऱ्याला हा पट्टा ओळखीचा वाटणार नाही. इथे पाऊस हुलकावणी देतो आणि विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात. आम्ही निवडलेल्या नाल्याच्या वरच्या अंगाला मुरमाड टेकाडं आणि बरड जमीन आहे. खाली उतरत गेलं की काळी, उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडणारी. पिकं म्हणजे कापूस, मका आणि ओल असेल तर रब्बीत दादर ज्वारी. मध्यावर एक पाझर तलाव, बराचसा गाळाने भरलेला.

राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली. गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चाने, असं तेव्हा तिचं स्वरूप होतं. या गावातल्या काही जणांनी पदरचं डिझेल घालून ट्रॉल्या भरल्या. त्यातले एक नाना. वय साठीच्या पुढे, कोरडवाहू कापूसवाले. गाळ टाकल्यावर कपाशी दिवाळीनंतरही हिरवी राहते, हे ते भेटेल त्याला सांगायचे.

विद्यार्थिनीचा प्रश्न तिथूनच निघाला. पावसाबरोबर वरच्या शेतातले बारीक चिकणकण धुपतात, त्यांना चिकटून सेंद्रिय पदार्थ आणि स्फुरद (फॉस्फरस) नाल्यात उतरतात आणि तलावात जाऊन बसतात. तोच गाळ परत शेतात नेणं म्हणजे पाणलोटातलं तुटलेलं चक्र ट्रॉलीने जोडणं. मग जोडलं जातं किती? सेंद्रिय कर्ब (कार्बन) वाढतो का, उपलब्ध स्फुरद वाढतो का, आणि नाल्याच्या पाण्याबरोबर नायट्रेट किती निघून जातं? एका वर्षाच्या प्रबंधाला हे तीन प्रश्न जास्तच होते. मी तेव्हा बोलले नाही.

पाण्याचा भाग पहिल्याच पावसाळ्यात निकालात निघाला. नाला वर्षातून मोजक्या वेळा वाहतो, तोही बहुतेक रात्री, आणि ती सकाळच्या बसने पोचेपर्यंत पाणी ओसरलेलं असायचं. जे दोन-तीन नमुने मिळाले ते बर्फाशिवाय दोन दिवस बाटलीत राहिले. त्यातलं नायट्रेट आता कुठल्याही आकड्याला उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतं. तो भाग वगळला आणि उरली माती.

जानेवारीत, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्यावर, सहा शेतांतून नमुने घेतले. तीन गाळ टाकलेली, तीन न टाकलेली. प्रत्येक शेतात तीन जागा, प्रत्येक जागी दोन थर, म्हणजे छत्तीस पुड्या. इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा, कडेची चकती, घमेल्यात मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, हे सगळं तिने मन लावून केलं. कॉलेजच्या गच्चीवर वर्तमानपत्रांवर माती वाळत होती, तेव्हा गाळाच्या नमुन्यांत पांढरे बारीक तुकडे चमकताना मी स्वतः पाहिले. तलावातल्या गोगलगाईंचे शंख होते ते. “वेचून टाक,” एवढं म्हणून मी तासाला निघून गेले. मोठे तुकडे तिने वेचले. पूड झालेले चाळणीतून खाली उतरले.

अडचण

सेंद्रिय कर्ब मोजण्याची आपल्याकडची रुळलेली पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांनी कर्बाचं ऑक्सिडीकरण करायचं आणि उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंबाथेंबाने सोडून किती लागतं ते मोजायचं. पण डायक्रोमेटमधलं क्रोमियम विषारी असतं, त्याची विल्हेवाट हा ताप असतो, आणि आमच्या कपाटातली फेरसची बाटली किती जुनी होती ते लेबलवरूनही कळत नव्हतं. विद्यार्थिनीने सुचवलं: “मॅडम, मफल फर्नेस आहे ना? माती ५५० अंशांवर जाळू आणि वजनातली घट मोजू. कचरा नाही, आम्ल नाही.” मी हो म्हटलं. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो मिनिटभरात झाला.

पद्धत मुळात वाईट नाही. रेताड, चुना नसलेल्या जमिनीत ती चालते. जळून गेलेलं सगळं सेंद्रिय मानायचं, त्यात ५८ टक्के कर्ब धरायचा, म्हणजे घटीला १.७२४ ने भागायचं. तिने भागलं. गाळाच्या शेतांत घट सरासरी १०.२ टक्के, म्हणजे कर्ब ५.९. बिनगाळाच्या शेतांत घट ६.९, म्हणजे कर्ब ४.०. दीडपट!

मी त्या आठवड्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात होते. तिने व्हॉट्सॲपवर स्तंभालेख पाठवला: दोन खांब, एक बुटका, एक उंच. उभ्या अक्षावर आकडे नव्हते. मी अंगठा दाखवला आणि पुढचा गठ्ठा ओढला.

तिने त्याच संध्याकाळी नानांना फोन केला. नानांनी पारावर सांगितलं. मे महिन्यात तलाव आटला की यंदा अख्ख्या गल्लीने गाळ न्यायचा, असं बोलणं सुरू झालं.

महिनाभराने प्रबंधातल्या प्रकरणाचा मसुदा समोर आला, तेव्हा तक्त्यात मला पहिल्यांदा आकडे दिसले. मृद आरोग्य पत्रिकेत ०.५ टक्क्याखाली सेंद्रिय कर्ब म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे भरपूर. इथे बोरीच्या खोऱ्यात, शेणखत दुर्मीळ झालेल्या कोरडवाहू कापसाच्या जमिनीत, चार टक्के? आणि गाळात सहा? असे आकडे थंड प्रदेशातल्या दाट जंगलाखालच्या मातीत शोभतात. मी तिला हाक मारली आणि टेबलावरच्या एका पुडीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. सोड्यासारखी फसफसली.

खान्देशच्या काळ्या जमिनीत चुना असतो हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. चुनखडीचे खडे नांगराला लागतात. पण ५५० अंशांना कॅल्शियम कार्बोनेट सहसा फुटत नाही, ते बरंच पुढे, सातशे-आठशेच्या आसपास. मग चुन्याला दोष द्यायचा कसा? इथे विद्यार्थिनीने जे केलं ते मला आजही कौतुकाचं वाटतं. तिने शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट नेमकं दोन ग्रॅम मुशीत घेतलं आणि त्याच भट्टीत, त्याच आकड्यावर, तेवढेच तास ठेवलं. कार्बोनेट पूर्ण फुटलं तर वजन ४४ टक्क्यांनी उतरतं, कारण कर्बवायू निघून जातो आणि दोन ग्रॅमचे १.१२ उरतात. भट्टी खरोखर ५५० वर असेल तर दोनाचे जवळपास दोनच राहायला हवेत. मूस थंड झाल्यावर वजन भरलं १.३ च्या आसपास. तिने त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचे थेंब टाकले. वाफ निघाली आणि मूस हाताला चटका देईल इतकी तापली.

भट्टीचा काटा ५५० दाखवत होता आणि आत कितीतरी वर गेलं होतं. आम्ही मातीचा कर्ब मोजत नव्हतो, चुन्याची भट्टी लावून बसलो होतो. गाळाचा खांब उंच होता त्यात शंखांच्या पुडीचा मोठा वाटा होता.

भट्टी दुरुस्त केली तरी प्रश्न सुटणारा नव्हता. काळ्या मातीतली चिकणमाती स्वतःच्या रचनेत पाणी धरून असते. १०५ अंशांवर वाळवलं तरी ते सगळं जात नाही आणि ५५० च्या वाटेवर ते सुटतं. तराजूला पाणी आणि कर्ब यांतला फरक कळत नाही.

कोणते पर्याय होते

प्रबंध द्यायला सात आठवडे उरले होते. आम्ही फळ्यावर मांडलं.

एक, आहे तोच आकडा ठेवून “ही पद्धत चुनखडीयुक्त जमिनीत जास्त आकडा देते” अशी मर्यादांच्या प्रकरणात एक ओळ घालायची. हा पर्याय लोकांना वाटतो तितका दुर्मीळ नाही. कित्येक प्रबंध याच ओळीवर पार पडतात. विद्यार्थिनीने तो स्वतःहून खोडला, हे नोंदवायला हवं.

दोन, चुना वेगळा मोजून वजा करायचा. पण चिकणमातीतल्या पाण्याचं काय, आणि भट्टी प्रत्येक खेपेला किती तापली होती कुणास ठाऊक. चुकीच्या आकड्यातून दुसरा आकडा वजा करून बरोबर आकडा निघत नाही.

तीन, भट्टी दुरुस्त करून कमी तापमानाला, ३६० अंशांवर दोन तास जाळायचं. त्याने दोन्ही त्रास पुष्कळ कमी होतात. पण त्यासाठी भरवशाचा नियंत्रक लागतो. आमच्याकडे नेमका तोच बिघडला होता.

चार, नमुने मोठ्या संस्थेत पाठवून आधी आम्लाने चुना काढायचा आणि मग यंत्रावर कर्ब मोजून घ्यायचा. उत्तम, पण महाग, आणि तारीख मिळायला लागणारा वेळ आमच्याकडे नव्हता.

पाच, मुकाट्याने वॉकली-ब्लॅक. डायक्रोमेट कार्बोनेटमधल्या कर्बाला हात लावत नाही. तो आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत असतो, आम्लात फक्त बुडबुडे येतात. ही पद्धत सगळा सेंद्रिय कर्ब पकडत नाही, साधारण ७७ टक्के पकडते असं मानून १.३ ने गुणतात. तो गुणक प्रत्येक जमिनीला लागू पडेलच असं नाही, पण दोन शेतांची तुलना करायला चालून जातो. क्षारांतलं क्लोराइड असलं तर आकडा फुगतो. तेवढी तपासणी करून पाहिली, आमच्या नमुन्यांत तो धोका नव्हता.

पाचवा घेतला. तो आधीच घ्यायला हवा होता.

काय केलं

नवी रसायनं आली. उरलेली माती अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढली. एक ग्रॅम माती, दहा मिली डायक्रोमेट, वीस मिली सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास थांबायचं, मग दोनशे मिली पाणी, फॉस्फोरिक आम्ल, डायफिनिलअमाइनचे थेंब आणि ब्युरेट. जांभळट निळं गढूळ पाणी एका थेंबासरशी लख्ख हिरवं होतं. छत्तीस पुड्या, प्रत्येक तीनदा, शिवाय रोजचे कोरे, म्हणजे माती न घातलेले नमुने. वापरलेलं क्रोमियम फेरसने पुष्कळ कमी विषारी अवस्थेत आणून चुन्याने साक्यात बसवलं. या एका कामाला तरी चुना उपयोगी पडला.

पहिल्या दिवशी तिने वहीत एक हिशेब लिहिला, तो प्रबंधातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मला मोलाचा वाटतो. एक ग्रॅम मातीला, अर्ध्या नॉर्मल फेरसच्या एका मिलीचा फरक म्हणजे १.३ धरून ०.१९५ टक्के कर्ब. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. म्हणजे ०.१ टक्के कर्ब ठरवायचा तर दोन फ्लास्कमध्ये फरक पडणार दहा थेंबांचा. आणि त्याच पुडीतली माती तीनदा केली तरी चार-पाच थेंब इकडेतिकडे होत होते. ‘गाळाने कर्ब वाढतो’ हे वाक्य किती थेंबांवर उभं राहणार, ते टायट्रेशन सुरू करण्याआधीच समोर होतं.

आकडे आले. गाळाची शेतं, वरचा थर, सरासरी ०.४७. बिनगाळाची ०.५६. दहा थेंबांच्या आतला फरक, आणि तोही उलट दिशेने.

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता नकाशा काढ. शेतं कुठे आहेत ते बघ. तेव्हा दुसरी चूक उघडी पडली. गाळ कोण टाकतं? ज्याची जमीन बरड तो. खालच्या काळ्या रानाचा मालक डिझेल का जाळेल? आमची तिन्ही गाळाची शेतं टेकडीच्या पायथ्याची होती, तिन्ही बिनगाळाची खालच्या काळ्या पट्ट्यातली. नमुने घ्यायला सोपी, रस्त्याकडेची. आम्ही बरड अधिक गाळ यांची तुलना जन्मजात काळ्या जमिनीशी करत होतो. गाळाने काही झालं नाही, की गाळाने बरडाला काळ्याच्या जवळ आणून ठेवलं? या आकड्यांवरून दोन्ही म्हणता येत होतं.

वाट नानांच्या शेताने दाखवली. त्यांच्या एका कोपऱ्यावरून विजेच्या तारा इतक्या खाली लोंबत होत्या की ट्रॉली उचलून उलटी करणं धोक्याचं होतं. तो कोपरा गाळाविना राहिला होता. शेत तेच, नांगरट तीच, पीक तेच, फक्त गाळ नाही. तिने तिथून सहा नमुने आणले आणि गाळाच्या भागातूनही नव्याने सहा.

नानांना कधी सांगायचं

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय प्रयोगशाळेतला नव्हता.

भट्टीची भानगड कळली त्या दिवशीच विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, नानांना फोन करते. आकडा चुकला म्हणून सांगते.” मी तिला थांबवलं. नवे आकडे येऊ दे, मग नीट सांगू, अर्धवट काय सांगायचं, असा माझा युक्तिवाद. त्यात शहाणपणा किती आणि कॉलेजची लाज किती, हे मी अजूनही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. तीन आठवडे गेले. तेवढ्यात गल्लीतल्या दोघांनी ट्रॅक्टरवाल्याला इसार देऊन टाकला होता.

शेवटी आम्ही दोघी गेलो. नानांच्या ओट्यावर बसून तिने सगळं सांगितलं. भट्टी, चुना, शंख, काही झाकलं नाही. सहा टक्क्यांचे अर्धा टक्के झाल्याचंही सांगितलं. नाना ऐकत होते. मग विचारलं, “पोरी, मंग मना वावरमा कर्ब शे का नही?”

“आहे नाना. पण मी सांगितला होता तेवढा नाही.”

“आनि कपाशी हिरवी राही ती?”

याचं उत्तर तिने घाई न करता दिलं. गाळात चिकणमाती आहे, ती पाणी धरून ठेवते. बरड जमिनीत पावसाचं पाणी खाली निघून जायचं, ते आता मुळाशी थांबतं. कपाशी हिरवी राहिली हे खरं, आम्ही त्याला कारण वेगळं चिकटवलं. इसार दिलेल्यांपैकी एकाची जमीन मुळात भारी काळी होती. त्याने गाळ टाकून त्याला या गुणाचा फारसा फायदा होईल असं वाटत नाही, हेही तिने नाव घेऊन सांगितलं. त्याने बेत रद्द केला. इसार त्याला परत मिळाला की नाही, ते आम्ही विचारायला धजावलो नाही. निघताना भरीत-कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय नानांनी उठू दिलं नाही, त्यामुळे जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

हाती काय आलं

कोपऱ्यातल्या नमुन्यांत कर्ब सरासरी ०.२९, शेजारच्या गाळाच्या भागात ०.४७. अठरा-एकोणीस थेंबांचा फरक, आणि सहाही नमुने एकाच बाजूला. हा फरक टायट्रेशनच्या डगमगण्यात बुडत नव्हता. पण हे एक शेत आहे, एक कोपरा आहे, आणि वाढलेला कर्ब गाळाबरोबर आलेला की गाळामुळे पीक चांगलं येऊन मुळांतून साठलेला, हे यातून सांगता येत नाही. तिने प्रबंधात नेमकं एवढंच लिहिलं. “मृदेत कर्ब स्थिरीकरण” हे मूळ शीर्षकातले शब्द काढले.

स्फुरदाचा भाग सुरुवातीपासून ठीक होता, कारण तिथे ओल्सेनची १९५४ ची पद्धत वापरली होती. ८.५ सामूचं (pH) सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण चुनखडीच्या जमिनीसाठी योग्य आहे. फक्त एकदा कोरा नमुनाही निळा झाला, तेव्हा कळलं की द्रावणाचा रंग घालवायला वापरलेल्या साध्या कोळशातच स्फुरद होता. गाळाच्या भागात उपलब्ध स्फुरद कोपऱ्यापेक्षा जास्त निघाला, आणि ते अपेक्षितच होतं. स्फुरद पाण्यात विरघळून फारसा पळत नाही, कणांना धरून राहतो, म्हणून कणांबरोबर तलावात जातो आणि कणांबरोबरच परत येतो. नायट्रेटचं तसं नाही. ते पाण्याबरोबर खाली बोरीकडे गेलेलं असतं, ट्रॉलीत भरून परत आणता येत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अर्धा वेळ कॅल्शियम कार्बोनेटच्या मुशीवरच घालवला.

पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी, पुडी हातात आली की पहिल्या दिवशी आम्लाचा थेंब. पाच मिनिटांचं काम, आणि ते पद्धत ठरवण्याआधी व्हायला हवं. भट्टीत दर खेपेला एका मुशीत शुद्ध कार्बोनेट ठेवायचं. काट्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

शेतांची निवड मी रस्त्याकडे पाहून होऊ दिली. गाळ टाकण्याआधीचे नमुने कुणाकडेच नव्हते हे खरं, पण शेतकऱ्यांना “ट्रॉली कुठे पोचली नाही?” एवढं विचारलं असतं तरी असे कोपरे आणखी निघाले असते. झाडाखालचा असेल तर पालापाचोळ्यामुळे चालणार नाही, बांधालगतचा असेल तर जनावरं बसतात. तारांखालचा मिळाला हे आमचं नशीब.

नाल्याच्या पाण्यासाठी रात्री कुणी उभं राहणार नाही. बाभळीच्या खुंटावर वेगवेगळ्या उंचीला बाटल्या बांधून ठेवल्या तर पाणी चढेल तशा त्या भरतात. यंदाच्या मुलांनी ते केलं आहे. पहिल्या पुरात दोन वाहून गेल्या, तीन भरल्या.

आणि फोन. विद्यार्थिनी म्हणत होती त्या दिवशीच करायला हवा होता. “आकडा चुकला आहे, किती ते अजून माहीत नाही” एवढं वाक्य पुरलं असतं.

गेल्या वर्षी वीजवाल्यांनी त्या तारा ओढून वर घेतल्या. आता कोपऱ्यात ट्रॉली जाते. नानांनी आपण होऊन फोन केला की निम्मा कोपरा ते गाळाविना ठेवणार आहेत, पुढच्या मुलांना लागेल म्हणून, आणि हद्द कळावी म्हणून मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की मारायला गडी लावला आहे. विद्यार्थिनी आता नोकरीला असते, तिला मी हे सांगितलं तर तिने माझा फोन तोडून नानांना लावला. नंतर नानाच हसत सांगत होते: पोरगी नमस्कारही न करता ओरडली, “नाना, चुना नको!”

तिथे आता दगड लावले आहेत.